सावरीवरची आग्या मोहोळं

गोटीराम घणसोलीचा. आम्ही एकाच मिठागरात कामाला होतो. मीठ ओढणं पाठीचं काम आहे; तो ते चोख करायचा. पण काम सुटलं की तो घरी न जाता माळावर जायचा.

माळ म्हणजे गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसतं गवत, आणि मधूनमधून पळस, करंज, ऐन. ऐनाच्या फांद्या दरवर्षी भाताच्या राबासाठी, रोपांची जमीन भाजायला, तोडल्या जात, म्हणून ते बुटकेच. उंच झाड एकच, जुनी सावर. कार्तिकात गवत पिवळं पडलं की आग्या माश्या घाटाकडून येत आणि तिच्या आडव्या फांद्यांना पोळी लटकत. फाल्गुनात सावर आणि पळस फुललेले असत, तेव्हा माश्या सगळ्यात जास्त. करंजाचा बहर झडला की त्या कमी होत, आणि मृगाच्या आधी झाड रिकामं. पावसाळ्यात झुडपांतल्या बारीक माश्या तेवढ्या माळावर राहत.

गोटीराम शिमगा झाल्यावर मध काढायचा. खोडात ठोकलेल्या बांबूच्या खुंट्यांवरून चढायचा, सुक्या गवताची चूड धुमसवायचा, पोळ्याचा मधाचा फुगीर भाग कापायचा. पिल्लांच्या भागाला हात नाही. माश्या गेल्यावर फांदीला चिकटून राहिलेल्या मेणालाही हात नाही. त्या मेणाच्या वासावर त्या पुन्हा त्याच फांदीला येतात, असं तो सांगायचा.

एकोणसाठ सालच्या ज्येष्ठात त्याच्या चुलतभावाने, गणूने, होडीच्या भेगा बुजवायला काढल्या. राळेत मिसळायला मेण हवं होतं. झाड रिकामं, खुंट्या तयार. गणू चढला आणि कोयत्याने फांद्या खरवडून आला.

"दादा, तुजं झाड साफ करून ठेवलं," तो फुशारकीने म्हणाला.

"झाड काय ताट हाय रं, चाटून ठेवायला?" गोटीराम म्हणाला.

कार्तिकात माश्या आल्या. सावरीला एक फेरी घालून डोंगराकडे गेल्या. गोटीरामकडे मेणाचा एक जुना गोळा होता. तो वितळवून आम्ही मडकं दोरीने वर ओढलं. गणू खाली ओढायला, मी मध्ये खुंटीवर, गोटीराम वर. वरच्या प्रत्येक फांदीला मेण चोळलं. माझे हात दोरीने सोलले. माघ संपला तरी एक माशी बसली नाही.

आमच्याकडे होळीला मध्ये सावरीचं अख्खं झाड उभं करतात. माळावरच्या सावरीला इतकी वर्षं कोणी हात लावला नव्हता, कारण फाल्गुनात ती माश्यांनी भरलेली असायची. कुऱ्हाडीचा एक घाव घातला असता तर गाव खाडीत उडी मारायला पळालं असतं. होळीचं झाड लांब डोंगरातून ओढून आणावं लागे. या वर्षी माळावरची मोकळी होती. बाळाराम पाटलाने तीच ठरवली. गोटीराम मला घेऊन त्याच्याकडे गेला.

"ती तोडली तर माश्या माळावर परत येनार नाय," गोटीराम म्हणाला. "त्यांना बसायला दुसरं झाड कुठं हाय?"

"आरं, आता तरी कुठं हाइत?"

"पुढल्या वर्षी येतील."

"तुला चिठ्ठी आलीय काय त्यांची?" बाळाराम हसला. "होळीला झाड पायजे. दुसरं दे, माळावरचं ठेवतो."

गावाजवळ दुसरी सावर एकच होती, गोटीरामच्या घरामागच्या परड्यात. त्याच्या बायकोने, जमुनाने, माहेराहून फांदी आणून लावलेली. गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा बोंडं आली होती. उशी भरायला अजून एका वर्षाचा कापूस हवा होता. गोटीराम घरी येऊन ओट्यावर बसला. जमुनाला मीच सांगितलं.

जमुना मासळी साफ करत होती. तिने हात थांबवला नाही.

"माश्यांशीच लगीन लावायचं होतं, मला कशाला आनली?" ती म्हणाली. मग पुढची मासळी उचलत, "तोडा. पन तुमी सोता तोडा. दुसऱ्या कोनाचा घाव नको."

गोटीरामने ती स्वतः तोडली. कोवळं लाकूड, तरी त्याला बराच वेळ लागला. झाड वाकडं होतं. होळीत उभं केल्यावर लोक म्हणाले, पाटील, यंदा होळी दारू पिऊन आलीय. जमुनानेही ते ऐकलं. नैवेद्य दाखवून ती घरी गेली.

पुढच्या कार्तिकात माश्या सावरीला आल्या. मेण चोळलेल्या वरच्या फांद्या सोडून एका खालच्या फांदीला दोनच पोळी लागली. गोटीरामने त्या वर्षी मध काढायचा नाही असं ठरवलं. गणूने खुंट्या उपटून टाकल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात बाळाराम कुऱ्हाडीवाल्यांना घेऊन माळावर आला. गोटीराम आणि मी सावरीपासून जरा लांब भाकरी खात होतो.

"लागली काय रं?" बाळारामने लांबूनच विचारलं.

"पुढं येऊन बघ," गोटीराम म्हणाला.

बाळाराम पुढे आला नाही. घूं घूं तिथपर्यंत ऐकू येत होतं. कुऱ्हाडी खांद्यावर टाकून ते दुसरी सावर शोधायला डोंगराकडे गेले.