फोटोतलं कोपर

आमच्याकडे एक जुना फोटो आहे. खेड्यातल्या लोहाराचं दुकान, हातोडा उगारलेला लोहार, भाता ओढणारी त्याची बायको, रस्त्यात बसलेल्या दोन म्हशी, आणि लोहारणीच्या शेजारी टाय लावून उभे असलेले माझे यजमान. अगदी काठावर कुणाचं तरी कोपर दिसतं. ते माझं.

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा कारखान्याचं बांधकाम चालू होतं. हे तिथे कारकून होते. कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर अजून मिळायचं होतं, म्हणून जवळच्या गावात लोहाराच्या समोरची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. यांनी हौसेने कॅमेरा आणला. यांच्या पुलगावच्या आत्याबाई आजारी असल्यामुळे लग्नाला येऊ शकल्या नव्हत्या. त्यांना जोडीचा फोटो पाठवायचा होता.

"मागं रस्ता दिसला पाहिजे," असं म्हणून यांनी मला लोहाराच्या दुकानापुढे उभं केलं. पण दोघंही उभे राहिलो तर बटण दाबणार कोण? तेवढ्यात जीपचा वाकलेला हूक ठोकून घ्यायला एक रशियन इंजिनिअर आला. यांनी हातवारे करून त्याला सगळं समजावलं. त्यानेही खुशीत मान डोलावली. त्याला आमच्यात काडीचा रस नव्हता, हे फोटो धुऊन आल्यावर कळलं. त्याने मन लावून लोहारणीचा भाता टिपला होता.

बाकीचा रोल उजेड शिरून वाया गेला होता. मी रडकुंडीला आले. म्हटलं, "हा नका पाठवू."

"कोपर तर तुझंच आहे नं?" हे म्हणाले, आणि मागे 'मी व सौ., भिलाई' असं लिहून त्यांनी फोटो टपालात टाकला.

दिवाळीनंतर एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. रिक्षातून नऊवारी नेसलेल्या एक बाई उतरल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि तडक लोहाराच्या दुकानात शिरल्या. लोहारणीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"कावून वं पोरी, येवढी राबून राहिली? त्याचा पगार पुरत नाही का तुले?"

लोहारणीला मराठीचा गंध नव्हता. ती नुसती हसली. बाईंनी पिशवीतून हिरवं लुगडं आणि नारळ काढून तिची ओटी भरली. लोहाराने हातोडा खाली ठेवला. कारखान्याकडून वाटप सुरू झालं असं त्याला वाटलं असावं. हात पुढे करून तो म्हणाला, "अउ मोर बर?" म्हणजे, अन् मला काय?

"तू कोन रे मधात?"

"आदमी हँव येकर," त्याने बायकोकडे बोट दाखवलं.

'आदमी' म्हणजे नवरा, तेवढं बाईंना बरोबर समजलं. त्या मटकन ऐरणीशेजारच्या पाटावर बसल्या. "अन् माझा भाचा कुठं हाय मंग?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सूप टाकून मी धावले आणि त्यांच्या पाया पडले.

"आता तू कोन वं?"

"मी... मी कोपर," माझ्या तोंडून निघून गेलं.

संध्याकाळी हे सायकलवरून आले आणि आत्याबाईंनी यांची जी हजेरी घेतली ती अख्ख्या गल्लीने ऐकली. लोहारीण लुगड्याची घडी परत द्यायला आली, तर आत्याबाईंनी तिलाच दटावलं. "भरलेली ओटी कोनी वापस घेते का? ठेव."

मला मात्र त्या हिरव्या रंगाची फार हळहळ वाटत होती. ते त्यांनी ओळखलं असावं. दुसऱ्या दिवशी मला नवं लुगडं घ्यायला त्या दुर्गला निघाल्या आणि सोबत लोहारणीलाही घेतलं. दुकानात दोघींनी खुणांनीच खूप खल केला, एकमेकींच्या हातावर टाळ्या दिल्या आणि माझ्यासाठी गडद जांभळं लुगडं पसंत केलं. मला जांभळा रंग आवडतो का, हे कुणी विचारलंच नाही.