शाल घालतानाचा फोटो

सकाळपासून तुम्ही माझ्या स्टेजवरच्या फोटोला लाइक देताय, म्हणून त्या फोटोत काय चाललं होतं ते सांगते.

नवोदित नाटककार पुरस्काराचा कार्यक्रम होता. आमच्याकडे पद्धत अशी, की गेल्या वर्षीच्या विजेत्यानं यंदाच्या विजेत्याला शाल घालायची. गेल्या वर्षीची विजेती मी. यंदाची टेंभुर्णीची, विशीतली पोरगी.

शाल सावरत तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमचं नाटक कुटं बघायला मिळंल ओ?"

काय सांगणार? वर्षभरात तीन नाट्यसंस्थांनी माझी संहिता वाचायला नेली. एक जण म्हणाले, "पाच बायका लिहिल्यात तुम्ही. सोलापुरात तालमीला पाच बायका आणायच्या कुठनं?" बाकीच्या दोघांनी फोन उचलणंच सोडलं. परीक्षकांशिवाय ते नाटक कुणी वाचलंय का, याचीही मला खात्री नाही.

मी म्हणाले, "तालमी सुरू आहेत."

तिचा चेहरा एवढा खुलला, की मला तिच्याकडे बघवेना. "मग माझंबी हुईल की," म्हणाली. तुम्हाला आवडलेला फोटो नेमका तेव्हाचा आहे.

पायऱ्या उतरताना आठवलं. गेल्या वर्षी मला शाल घालणाऱ्या दादांना मीही हेच विचारलं होतं. तालमी सुरू आहेत, असंच ते म्हणाले होते. त्यांचं नाटक अजून कुणी पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी शाल तिच्या हातात असेल आणि समोरचं कुणीतरी हेच विचारेल. तेव्हा तिनं काय सांगावं?