जाझानमधली ओहोटी

जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी, सौदीतल्या जाझानच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या सपाटीत आमच्या साइटचं पोकलेन केबिनपर्यंत रुतलं. चालवणारा दापोलीकडचा होता. शुक्रवारी त्याला जेद्दाहून विमान धरायचं होतं आणि पुढच्या बुधवारी गावी त्याचा निकाह होता. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, रजा न दिल्यामुळे निकाह आधी एकदा पुढे गेला होता.

मी त्या साइटवर इंजिनिअर होतो. जाझानला आलेला प्रत्येक कोकणी माणूस पहिल्या आठवड्यात एकच सांगतो: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, मध्ये चिंचोळी पट्टी, म्हणजे आपलंच कोकण. ते कोकण नाही. पाऊस डोंगरात पडतो, त्याचा लोंढा कोरड्या नाल्यांतून खाली येतो आणि बहुतेकदा समुद्र गाठायच्या आत वाळूत जिरतो. उन्हाळ्यात दुपारी धुळीचा वारा सुटतो. ज्वारीची शेतं, हायवे, माणसं, सगळं एका रंगाचं होतं. हवा इतकी दमट की ती धूळ अंगावर चिखल होऊन बसते. वर डोंगरातल्या खमीस मुशैतला थंडीत स्वेटर घालणारे आमचे लोक इकडे बदली झाली की राजीनाम्याची भाषा करतात.

काठाजवळची जमीन पांढरी आणि टणक दिसते. तिला सबखा म्हणतात. वर मिठाचा पापुद्रा, खाली बारा महिने ओला गाळ. तिला वळसा घालून जायचं, असा साइटचा नियम होता.

त्या दिवशी कफीलचा सुपरवायझर सकाळीच येऊन ऑपरेटरवर ओरडला, “यल्ला! सबखापलीकडचा चर आज खणून पुरा, नाहीतर छुट्टी नाही.” वळसा घालण्यात दुपार गेली असती. ऑपरेटरने सरळ जायचं ठरवलं आणि मशीन काठाला उभं करून तो पाण्याकडे बघत बसला.

“ओहोटी लागू दे, मग घालतो,” तो म्हणाला.

“अरे नवरदेवा, ही काय दाभोळची खाडी आहे?” रत्नागिरीचा वेल्डर हसला. “इथला दर्या उतरून उतरून किती उतरणार?”

“तू तुझं वेल्डिंग कर रे. खाडीकाठच्या खाजणात गाड्या घालत मोठा झालोय मी.”

पाणी थोडं मागे सरकलं. जमीन होती तशीच ओली राहिली. त्याने मशीन घातलं आणि मधोमध पापुद्रा फुटला. ऑपरेटरने मशीन मागे घ्यायचा प्रयत्न केला, तसं ते आणखी खाली गेलं. तो केबिनच्या खिडकीतून बाहेर आला.

सुपरवायझर काठावरूनच बोलला. “मशीन बाहेर, मग तू बाहेर. खलास.” संध्याकाळी ऑपरेटरची रजा रद्द झाली.

ऑपरेटरने मुलीच्या वडिलांना फोन लावला. आम्ही मेसमध्ये जेवत होतो, स्पीकर चालू होता. व्हिडिओवर निकाह लावू, असं त्याने सुचवलं.

“मुलगी माणसाला द्यायची असते, मोबाइलला नाही,” पलीकडून आवाज आला. “बुधवारी या. नाहीतर आम्ही मोकळे.”

“चाचा, माझं ऐका तरी...”

“मागच्या वेळी ऐकलं.”

शुक्रवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. मशीनभोवती खणलेला खड्डा वाऱ्याच्या धुळीने रोज भरत होता. बुधवारी तो गुडघाभर गाळात पंप लावत होता. गुरुवारी लग्न मोडल्याचा निरोप आला. पोकलेन शनिवारी निघालं.