अक्कांचं अळणी ताट

आधी नाव अक्कांचं, मग माझं काय ते. पलूसजवळच्या ज्या द्राक्षबागेत मी राबतो, त्या मालकांच्या या आई. आठवीत शाळा सोडून म्हसवडच्या पलीकडच्या माळावरून इथं आलो, तेव्हा त्यांनी बागेतली खोली दिली आणि रोज दिवस मावळायच्या आत घरच्यांच्या पंगतीत ताट वाढलं. जैनांच्या घरात रात्री जेवत नाहीत. आईमागं ‘जेवलास का रं’ म्हणून विचारणारं मला दुसरं माणूस भेटलं नाही. आणि त्यांनाच मी — थांबा, सांगतो. हे अजून गावाकडच्या बायकोलाही बोललेलो नाही, म्हणून जीभ अडते.

द्राक्षांचे क्रेट उचलताना कंबर धरली होती. डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती एक जोरकस गोळी दिली. कंबर बरी झाली, गोळी राहिली. ओळखीच्या मेडिकलमधून मिळत गेली, मी घेत गेलो, खिशात लपवून, सकाळ-संध्याकाळ. दुखतंय म्हणून घेतोय, की घ्यायची म्हणून दुखतंय — विचारलं का कधी स्वतःला?

त्यातच फौजेतल्या धाकट्या भावाची ड्युटी वर डोंगरात लागली आणि त्याचा फोन लागेना. छातीत धडधड, घास घशाखाली उतरत नव्हता. ते खरं होतं. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही.

भादव्यात अक्कांचं दशलक्षण पर्व आलं. घरात सगळ्यांचे उपास, म्हणून मीही एक दिवस धरला, पाणीसुद्धा नाही असा. कुणी सांगितलं नव्हतं. उपकाराची जाण दाखवायची मला तेवढीच रीत सुचली. पण पाणी नाही म्हणजे गोळीही नाही, हे ध्यानात आलं नाही. दुपारनंतर जांभयांवर जांभया. नाक गळायला लागलं, अंगावर काटा, घाम, पोटात मुरडा, पायांत अशी वळवळ की बसवेना. हात लटलट कापत होते. बागेतले गडी हसले, “आरं, एका दिसाच्या उपासात म्हसवडचा पैलवान चीत झाला की!” अक्का मात्र भ्याल्या. “उपास न्हवं रं ह्यो. भावाची काळजी लागलीया पोराला.”

तेवढ्यात भावाचाच फोन आला. खुशाल होता. धडधड तिथल्या तिथं बसली, घसा मोकळा झाला. पण हात? हात कापतच होते. वळवळ तशीच. सकाळी उपास सोडला, गपचूप गोळी गिळली — आणि थोड्या वेळात सगळं शांत. काळजीचं होतं ते बातमीनं गेलं, उरलेलं गोळीनं. इतकं उघड होतं. आणि कळूनही मी काय म्हणालो? “टेन्शन हाय, अक्का.”

टेन्शन! या शब्दाची मला आता चीड येते. पोट दुखलं, टेन्शन. झोप नाही, टेन्शन. तो एकदा म्हटला की पुढं कुणी विचारतच नाही. गोळीला उशीर झाला की हात कापायचे आणि मी तोच शब्द पुढं करायचो.

मग अक्का बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन नियम घेऊन आल्या — संभाची, म्हणजे माझी, थरथर थांबेपर्यंत मीठ बंद. देवापुढं असं बोललं की ते मोडत नाहीत. मला सांगितलं तेही हसून, “म्हातारीच्या जिभेला काय करायचंय रं मीठ?”

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. पण बोललो तर खोली जाईल, ताट जाईल, या भीतीनं गिळलं. त्यांच्यासमोर बसून मी आमटी ओरपायचो आणि त्या अळणी भात चिवडायच्या. राग यायचा — कुणाचा? त्यांचाच! कुणी सांगितलं होतं नियम घ्यायला, असं मनात म्हणायचो. बघा माझी लायकी.

अक्का वाळल्या. चक्कर यायला लागली. एक दिवस बेदाण्याच्या शेडच्या पायरीवर पडल्या, उजवं मनगट मोडलं. सांगलीच्या दवाखान्यात मालक हात जोडत होते, “आई, सोड की गं त्यो नियम.” अक्कांनी माझ्याकडं बघून म्हटलं, “ह्याचं थांबू दे आदी.” मी खाटेपाशी उभा होतो. हात खिशात. तिथंही बोललो नाही.

बोललो ते नंतर, एकटा जाऊन, दुसऱ्या एका डॉक्टरांपाशी. परक्याला सांगता आलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, काळजीनंही घाम येतो आणि गोळी चुकल्यावरही, दोन्ही एकात एक मिसळतात; एकदम तोडू नका, माझ्या देखरेखीत हळूहळू उतरवू.

द्राक्षांत गोडी भरेपर्यंत गोळी सुटली. अक्कांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले, बस्तीत जाऊन आल्या आणि भातावर मीठ घेतलं. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले. मग येईल त्याला सांगत सुटल्या की नियमाला फळ आलं, पोरगं बरं झालं. अजून सांगतात, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. मनगट वाकडंच बसलंय. भाकरी आता सूनबाई थापतात.

अक्का, तुमचं हे मी फेडीन. एक दिवस, दिवस मावळायच्या आत, सगळी पंगतीला बसली की, माझं ताट वाढायच्या आधी तुमच्यासमोर गोळीचं सगळं बोलेन. ताट वाढा असं म्हणणार नाही.