हवालदारमामांची शेजारची जागा

वाट खराब लागली की हवालदारमामा जीप थांबवायचे, पायातले बूट काढायचे आणि अनवाणी पुढे चालू लागायचे. चिखल असो की येरळा नदीची वाळू, वीस-पंचवीस पावलं जायचे, टाच रुतवून बघायचे आणि परत यायचे. बघणारे थट्टा करत, "मामा, हितं कुठं देऊळ हाय?" मामा पाय झटकत म्हणत, "आदी माज्या पायाला कळू द्या, मग चाकाला सांगतो."

मी तेव्हा मिरजेला नर्सिंग शिकून वडूजच्या दवाखान्यात नवीच आले होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली एक जीप दवाखान्याने घेतली आणि ती चालवायला पलूसकडचे हे फौजेतले निवृत्त हवालदार आले. गिअरच्या दांड्याजवळ तिला आणखी दोन लहान दांडे होते. त्यातला एक ओढला की पुढची चाकंही मागच्यांबरोबर जोर लावत. बैलांनाही न निघणाऱ्या चिखलातून ती बाहेर पडली की पोरं टाळ्या पिटत. मामांना ते आवडत नसे. पक्की सडक लागली की लगेच दांडा सोडवत. "कडक रस्त्याला चारी जोडली की वळताना स्टेअरिंग आखडतं. टायरं बी झिजत्यात."

एक गोष्ट मात्र विचित्र होती. दुसऱ्याच्या हाती चाक असेल तर मामा गाडीत बसत नसत. गावी जायचं तर प्रवाशांची सर्व्हिस मोटार सोडून बैलगाडीने जात. मी हट्टाने जीप शिकायला घेतली, तेव्हाही ते शेजारी बसले नाहीत. सगळ्यात हळू गिअर टाकायला लावला आणि स्वतः जीपबरोबर चालत राहिले. तीन आठवडे त्यांनी मला असं चालत शिकवलं. बाजारच्या दिवशी तर आमची वरातच निघायची.

शिकले आणि शेफारले. परतीच्या पावसानंतर ओढ्याच्या काळ्या मातीच्या उतारावर चारी चाकं जोडली, आता काय होतंय म्हणून झोकात निघाले. मध्यावर वेग वाढला तसा ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी थांबली, जीप मात्र थांबेना. मी स्टेअरिंग फिरवत होते आणि ती आडवी होऊन बाभळीला टेकली.

मागून चालत येणारे मामा उतारावरून घसरत, पडत खाली आले. चेहरा पांढराफटक. "लागलं का, ताई?" मी मानेनेच नाही म्हटलं. मग ते तिथेच चिखलात बसले. "चार चाकं जोडली म्हंजी गाडी निघती. थांबती असं न्हाई. उतरताना हळू गिअर टाकायचा, ब्रेकला, क्लचला पाय लावायचा न्हाई. इंजिनच आवरून धरतं." बाभळीला टेकलेल्या जीपकडे बघत म्हणाले, "इटलीत माजा जोडीदार असाच ब्रेक दाबून बसला. मी शेजारी हुतो. मी ऱ्हायलो, त्यो गेला." ते शेजारी का बसत नाहीत, हे मग मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मामांच्याच पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलंय, ऑपरेशनला आजच्या आज कराड गाठायला हवं. जीप चालवणारी दुसरी मीच. मामा म्हणाले, "बैलगाडी बगा." डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. शेवटी चौघांनी उचलून त्यांना माझ्या शेजारी बसवलं आणि डॉक्टर मागे बसले. मामांनी दोन्ही हातांनी समोरची लोखंडी मूठ आवळून धरली. दुखण्याने की भीतीने, कोण जाणे.

वाटेत तोच उतार आला. मी जीप थांबवली, चपला काढल्या, पातळ खोचून खाली गेले. डावीकडची माती घट्ट लागली. परत येऊन बसले तेव्हा मामा माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत होते. मी हळू गिअर टाकला, दोन्ही पाय वर घेतले. मामांनी मूठ सोडली आणि डोळे मिटले.

ऑपरेशन झालं, मामा वाचले. पण त्यांनी नोकरी सोडली. निघाले त्या दिवशी मी म्हटलं, "मामा, कराडच्या स्टेशनपर्यंत सोडते. मागे ऐसपैस बसा." त्यांनी ट्रंक मागे टाकली, वळसा घालून आले आणि आपणहून माझ्या शेजारी बसले. मला समोरची वाट दिसेना. मामा म्हणाले, "डोळं पुसा आदी, ताई. मला घाई न्हाई."