पेन्सिलीतले आकडे
आज कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि ओल्या वासाबरोबर मे महिन्यातला तो रविवार आठवला: दुपारचे साडेतीन, बाहेर शेहेचाळीस अंश, नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या बैठकीत मी, बायको, मुलगी आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्याबरोबर संशोधन करणारे जर्मनीतले प्राध्यापक. खोलीत कूलरची हवा कशी फिरते याचं गणित दोघं संगणकावर मांडत होते. ते पडताळायला खऱ्या घरातली मोजमापं हवी होती आणि मुलीकडे माझ्या वहीशिवाय दुसरं काही नव्हतं. नऊ उन्हाळे मी रोज तीनदा बैठकीतलं तापमान लिहिलं होतं. "त्या वहीले रद्दीवाला तरी घेईन का? कोणाच्या कामी आली तर सांबारवड्या खाऊ घालीन," असं बायको नेहमी म्हणे. प्राध्यापकांनी पानं पाहून विचारलं, काही आकडे पेन्सिलीने का? वाटलं, बुडालं पोरीचं काम. पण खोटं बोलवेना. "त्या दिवशी लग्नाला गेलो होतो. रकाना रिकामा नको म्हणून अंदाजाने लिहिलं," मी म्हटलं. मुलीने ते इंग्रजीत सांगितलं, तशा तिकडून टाळ्याच वाजल्या. "बाबा, कोणत्या आकड्यावर किती भरवसा, हेच तर आम्ही शोधून राहिलो ना!" मुलगी ओरडली. बायको उठली. "आता बसून काहून राहिले? बेसन चाळा." संध्याकाळी मेच्या महागड्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या मला मिळाल्या. मी सात खाल्ल्या की आठ, ते वहीत अजून पेन्सिलीनेच आहे.