सराफाच्या डब्यातले तांबे-निकेल

पीएच.डी.साठी मला तांबे आणि निकेल यांचे एकत्र सूक्ष्म कण बनवायचे होते. दोन्हींच्या क्षारांच्या द्रावणात धातू सुटा करणारे बोरोहायड्राइड थेंब थेंब टाकायचे आणि सोबत अल्ट्रासाउंडचे हादरे द्यायचे, म्हणजे कणांच्या गुठळ्या होत नाहीत. यंत्र नागपूरला माझ्या मार्गदर्शकांकडे होते. माझा नंबर चार महिन्यांनी लागणार होता. मी गोंदियाच्या कॉलेजात शिकवत होते.

त्याच सुमारास मंगळसूत्र धुवायला दिले. सराफांनी ते स्टीलच्या डब्यातल्या पाण्यात सोडून बटण दाबले. डबा चिरचिरू लागला.

"ये अल्ट्रासॉनिक है क्या?" मी विचारले.

"वही है. मैल निकालता है."

"मुझे उसमें मैल बनाना है."

मी प्रयोग समजावून सांगितल्यावर त्यांनी रोज दुकान उघडण्याआधीचा एक तास दिला. माझा बीकर डब्यात ठेवायचा, पण त्यांच्या पाण्यात काही सांडायचे नाही, एवढी एकच अट.

सहाव्या दिवशी बीकर कलंडला. अख्खा डबा शाईसारखा काळा झाला. आता आपले संशोधन संपले, असे मी धरून चालले. सराफांनी डबा रिकामा केला, पुसला आणि पितळी तार वाकवून बीकरच्या मापाचे कडे बनवले.

"अब नहीं गिरेगा," ते म्हणाले.

कण कामाचे आहेत का, हे कॉलेजात तपासले. नायट्रोफिनॉल हे प्रदूषक आणि बोरोहायड्राइड यांच्या पिवळ्याजर्द द्रावणाचा रंग कणांनी घालवला, तर ते कामाचे. त्यात नुसत्या तांब्याचे कण टाकले, तर तास संपला तरी ते पिवळेच. दोन्ही धातूंचे कण टाकले आणि चार मिनिटांत रंग गेला. प्रयोगशाळेतले शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, यात पाणी कायले भरलं?"

सराफ दुपारी दुकान बंद करून बघायला आले. मी पुन्हा करून दाखवले. ते मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसले. रंग गेल्यावर म्हणाले, "एक बार और."

मार्गदर्शकांना फोन केला. तेही तेच म्हणाले.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मला सराफांचे नाव घालायचे होते. त्यांनी हात जोडले. "मत लिखो, मॅडम. ग्राहक पूछेंगे, जेवर के पहले उसमें क्या डाला था."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "हा अल्ट्रासॉनिक बाथ कोणत्या संस्थेतला?"

"सराफाच्या दुकानातला, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि निकेलचे प्रमाण वाढवले तर काय होईल, ते विचारले. त्याचे उत्तर मला येत होते.